आधी पासपोर्ट, मग तिकीट

अगं, तू म्हणालीस, "ताई, एन-४०० भरून झालाय, फिंगरप्रिंटही झाले, आता सिटिझनशिप येईलच. भारतीय पासपोर्ट संपत आलाय, पण आता तो कशाला रिन्यू करू? उगाच पैसे आणि डोक्याला ताप." असं म्हणणारी तू काही पहिली नाहीस. अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत, त्यातही ग्रीन कार्डाची वाट बघून बघून थकलेल्या घरांत, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाचं सविस्तर बोलूनच टाकते.

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी तेवढं लक्षात राहील. चालू पासपोर्ट हातात नाही, असा एकही दिवस आपणहून ओढवून घ्यायचा नाही. कायद्यामुळे तसे काही दिवस प्रत्येकीच्या वाट्याला येतातच. ते कधी यावेत, हे मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात असतं, आणि तेच बायका विसरतात. दुसरी फांदी धरल्याशिवाय माकडसुद्धा पहिली सोडत नाही गं!

आत्ता तू कायद्याने कोण आहेस? भारतीय नागरिक आणि अमेरिकेची कायमची रहिवासी. अर्ज भरल्याने यातलं काहीही बदललेलं नाही. अर्ज चालू असताना तू भारतात जाऊ शकतेस, सिंगापूरला जाऊ शकतेस, कुठेही जाऊ शकतेस. ग्रीन कार्डाच्या अर्जाच्या वेळी ॲडव्हान्स परोलची, म्हणजे बाहेर जायच्या आगाऊ परवानगीची, जी धास्ती असायची, ती इथे नाही. फक्त फिंगरप्रिंट, इंटरव्ह्यू आणि ओथ या तीन तारखांना तू इथे हजर हवीस. आणि परतीला ग्रीन कार्ड हवं.

पण फक्त ग्रीन कार्डावर भागत नाही. "मी पर्मनंट रेसिडेंट आहे, अमेरिकेत शिरायला मला पासपोर्ट लागतच नाही," असं आमच्या मंडळातले एक काका ठासून सांगतात. अमेरिकेच्या सीमेवरच्या अधिकाऱ्यापुरतं ते खरंही आहे. परत येणाऱ्या रहिवाशाला तो ग्रीन कार्डच मागतो. पण त्या अधिकाऱ्यापर्यंत पोचायच्या आधी विमान कंपनीचा काउंटर असतो, आणि त्याच्याही आधी ज्या देशात तू चाललीस त्या देशाचं इमिग्रेशन. त्यांना पासपोर्टच हवा असतो. कॅनडाचंच बघ. आईबाबा आले की आपण सगळे नायगारा दाखवायला नेतो, आणि "पलीकडून धबधबा जास्त छान दिसतो" म्हणून पूल ओलांडायचा मोह होतो. २६ एप्रिल २०२२पासून ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडात जाताना ग्रीन कार्डासोबत आपल्या देशाचा चालू पासपोर्टही दाखवावा लागतो, विमानाने जा नाहीतर गाडीने. आईबाबांना तर कॅनडाचा व्हिसाच लागतो, ते वेगळंच.

म्हणून भारतीय पासपोर्ट रिन्यू कर. सिटिझनशिप कुठे पाच-सहा महिन्यांत होते, कुठे त्याहून पुष्कळ लांबते. तुझ्या गावच्या ऑफिसात किती गर्दी आहे त्यावर सगळं. तेवढ्या काळात सांगलीहून किंवा नाशिकहून रात्री दोनला फोन येणार नाही, याची खात्री कोण देणार? इथे भारतीय पासपोर्टचं काम सध्या व्हीएफएस या कंपनीमार्फत चालतं. पुढे सहा महिन्यांत तो रद्द करून घ्यावा लागला तरी चालेल. त्याला वाया गेलेले पैसे म्हणू नकोस, विम्याचा हप्ता म्हण. शिवाय एन-४००च्या इंटरव्ह्यूला सगळे पासपोर्ट, जुने-नवे, घेऊन यायला सांगतात. गेल्या पाच वर्षांत तू कधी बाहेर गेलीस, कधी परत आलीस, हे त्या शिक्क्यांवरून पडताळता येतं. तेव्हा जुना पासपोर्टही नीट जपून ठेव.

समज, पासपोर्ट संपलाय किंवा हरवलाय आणि भारतात तातडीने जायचंच आहे. अशा वेळी भारतीय कॉन्सुलेट इमर्जन्सी सर्टिफिकेट देतं. ते एकेरी प्रवासाचं असतं, फक्त भारतात पोचण्यापुरतं. तिथे गेल्यावर पासपोर्ट सेवा केंद्रातून नवा पासपोर्ट काढायचा आणि मग तो आणि ग्रीन कार्ड घेऊन परत यायचं. घरात कुणी आजारी असताना या खेपा कोण घालणार, याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

ग्रीन कार्डाचीही तारीख बघ. कार्ड दहा वर्षांचं असतं, आणि कित्येक जणींचं ते नेमकं सिटिझनशिपच्या रांगेत असताना संपतं. पूर्वी त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळे पैसे. १२ डिसेंबर २०२२पासून नियम सोपा झाला: एन-४००ची जी पावती येते, तिच्यावरच जुन्या ग्रीन कार्डाची मुदत २४ महिन्यांनी वाढल्याचं लिहिलेलं असतं. संपलेलं कार्ड आणि ती मूळ पावती असं दोन्ही मिळून चालतं. झेरॉक्स नको, फोनमधला फोटो नको, मूळ कागद हवा. मुंबईच्या चेक-इन काउंटरवरचा मुलगा कार्डावरची तारीख बघून कपाळाला आठ्या घालतो, तेव्हा तो कागद शांतपणे पुढे करायचा आणि मुदतवाढीच्या ओळीवर बोट ठेवायचं. कार्ड भारतातच हरवलं, तर अमेरिकेच्या दूतावासाकडून परतीच्या विमानात बसण्यापुरता कागद काढता येतो. पण त्याचा अर्ज आय-१३१ए, त्याची फी ५७५ डॉलर, आणि अपॉइंटमेंटची वाट बघायची ती वेगळीच. कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेव, माहेरच्या कपाटात नको.

किती दिवस राहायचं, हेही सांगून ठेवते. बाळंतपणाला म्हणा, वडिलांच्या केमोला म्हणा, आपण जातो आणि राहतो. ते चुकीचं नाही. पण एका फेरीत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलीस, तर तुझं अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असं सरकार गृहीत धरतं, आणि ते तुटलेलं नाही हे तुला कागदपत्रांनी दाखवावं लागतं. वर्षभर राहिलीस तर ते तुटतंच. याशिवाय अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत एकूण ३० महिने इथल्या भूमीवर काढलेले लागतात. अमेरिकन नागरिक नवऱ्याच्या जोरावर तीन वर्षांनी अर्ज केलास तर १८. आईजवळ राहायचंय तर राहा, पण पाच महिन्यांनी एकदा येऊन जा किंवा वकिलाशी बोलून मग लांबव.

आता खरी गाठ. ती आहे ओथच्या दिवसाची.

इंटरव्ह्यू झाला, पास झालीस, की एक नोटीस येते, एन-४४५. तिच्या मागे काही प्रश्न असतात: इंटरव्ह्यूनंतर लग्न केलंत का, घटस्फोट झाला का, अमेरिकेबाहेर गेला होतात का, अटक झाली का. ते ओथच्या दिवशीच भरायचे, आदल्या आठवड्यात नाही. त्या दिवशी नवी साडी किंवा सूट घालून लोक येतात, आजोबा-आजी, कडेवरची बाळं, कॅमेरे. हॉलच्या दाराशी टेबल असतं. टेबलामागची बाई तुझी नोटीस बघते, उत्तरं वाचते आणि मग हात पुढे करून ग्रीन कार्ड मागते. ते ती घेते आणि ठेवून देते. ते कार्ड परत तुझ्याकडे येत नाही. आत गेल्यावर हातात छोटा झेंडा मिळतो, सगळे उभे राहतात, उजवा हात वर होतो, शपथ होते आणि तुला नॅचरलायझेशन सर्टिफिकेट मिळतं. टाळ्या, फोटो, बाहेर जाऊन पॅनकेक.

आता हिशेब कर. ग्रीन कार्ड गेलं. भारतीय पासपोर्ट पर्समध्ये आहे, पण तो आता नुसता कागद आहे. भारताचा नागरिकत्व कायदा १९५५चा. त्याच्या कलम ९प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी कुणी पत्र पाठवत नाही. पासपोर्टवर सात वर्षांची मुदत उरली असली तरी तो वापरायचा हक्क उरत नाही. आणि अमेरिकेचा पासपोर्ट अजून तुझ्याकडे नाही, त्यासाठी तू अजून अर्जही केलेला नाहीस. म्हणजे एका देशाची तू राहिली नाहीस, दुसऱ्या देशाची पूर्ण हक्काने झालीस, आणि तरी देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. मी म्हणत होते ना, कायद्यामुळे येणारे दिवस, ते हेच.

इथे हमखास एक शहाणा सल्ला मिळतो. "भारतीय पासपोर्ट तर तुझ्याकडेच आहे ना? त्यावर जाऊन ये. कोण बघतंय?" असं करायचं नाही. एक तर ते बेकायदा आहे. पुढे तो पासपोर्ट रद्द करायला दिलास की ओथची तारीख आणि प्रवासाचे शिक्के समोरासमोर येतात आणि दंड बसतो. दुसरं म्हणजे तू भारतात पोचशील, पण परत कशी येणार? मुंबईला चेक-इनला ग्रीन कार्ड मागतील, ते नाही. सर्टिफिकेट दाखवशील, ते प्रवासाचं कागदपत्र नाही. मग बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या दारात उभं राहून तातडीचा पासपोर्ट मागायचा. अमेरिकेच्या कायद्यानेही नागरिकाने देशाबाहेर पडताना आणि आत येताना अमेरिकन पासपोर्टच वापरायचा असतो. तेव्हा हा मार्ग डोक्यातून काढून टाक.

दोन पासपोर्टांमधल्या या फटीत देशातल्या देशातसुद्धा एक अडचण निघते, आणि ती कुणी सांगत नाही. ७ मे २०२५पासून देशांतर्गत विमानाला साधं लायसन्स पुरत नाही, रिअल आयडी लागतं, नाहीतर पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड. आजवर तू ग्रीन कार्ड दाखवून कॅलिफोर्नियाला बहिणीकडे जात होतीस आणि लायसन्स साधंच ठेवलं होतंस, तर ओथनंतर तेही अडेल. सर्टिफिकेट विमानतळाच्या त्या यादीत नाही. म्हणून ओथच्या आधीच रिअल आयडीवालं लायसन्स काढून ठेव.

फट लहान कशी करायची, ते ऐक. अमेरिकन पासपोर्टचा अर्ज डीएस-११. तो प्रत्यक्ष जाऊन द्यायचा असतो. पोस्टात, काही लायब्ररींमध्ये, काउंटी क्लार्ककडे. ओथची तारीख कळली की लगेच पोस्टाची अपॉइंटमेंट घे, त्याच दिवशी दुपारची किंवा दुसऱ्या दिवशीची. फोटो आधी काढून ठेव. पासपोर्टचे १३० डॉलर, तिथल्या कामाचे ३५, आणि लवकर हवा असेल तर वर ६०. या घडीला साधा पासपोर्ट चार ते सहा आठवड्यांत येतो, जास्तीचे पैसे भरले तर दोन ते तीन. टपालाचे दिवस त्यात धरलेले नाहीत. ६० डॉलर भर. इथे काटकसर नको.

पासपोर्ट कार्ड म्हणून एक स्वस्तातली गोष्ट असते. ती हवी तर जोडीला घे, पण पुस्तकाऐवजी नको. कार्डावर कॅनडा, मेक्सिको, कॅरिबियन आणि बर्म्युडाहून जमिनीने किंवा समुद्राने येता येतं, परदेशी विमानात ते चालत नाही.

आणि हे सर्टिफिकेट जरा जवळून बघ. जाडसर कागद, तुझा फोटो, वर नंबर. टेबलावरून हलायच्या आधी प्रत्येक अक्षर तपास, कारण दुरुस्तीचा अर्ज म्हणजे पुन्हा महिने. त्यावर एक ओळ असते, की अधिकार नसताना याची प्रत काढणं गुन्हा आहे. ती वाचून कित्येक जणी घाबरून झेरॉक्सच काढत नाहीत. पण पासपोर्टच्या अर्जाला मूळ सर्टिफिकेटबरोबर त्याची प्रत लागतेच. कायदेशीर कामासाठी प्रत काढायला हरकत नाही, बंदी आहे ती फसवाफसवीला. चार प्रती काढ, एक स्कॅन ठेव. कारण मूळ सर्टिफिकेट पासपोर्टच्या अर्जाबरोबर जातं आणि वेगळ्या पाकिटातून, बऱ्याचदा मागाहून, परत येतं. म्हणजे मधले काही आठवडे तुझ्याकडे ग्रीन कार्ड नाही, सर्टिफिकेटही नाही. कुणाला कागद दाखवायची वेळ आली तर ती प्रतच उपयोगी पडते.

नावाची गोष्ट इथेच सांगते. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. भारतीय पासपोर्टवर पहिली दोन नावं एकत्र छापलेली, इथल्या लायसन्सवर मधलं नाव वेगळं किंवा नुसतं अक्षर. सिटिझनशिपच्या वेळी नाव बदलायची मुभा असते, आणि पुष्कळ जणींना वाटतं, चला, मधलं नाव काढून टाकू, सुटसुटीत होईल. टाक हवं तर. पण मग भारतीय पासपोर्ट, सर्टिफिकेट, अमेरिकन पासपोर्ट, लग्नाचा दाखला यातली नावं जुळेनाशी होतात आणि पुढे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते कार्ड, काढताना प्रत्येक फरकाचा पुरावा द्यावा लागतो. नाव बदलायचं असेल तर ठरवून बदल, आणि त्याचा कागद जपून ठेव.

पासपोर्ट आला म्हणजे लगेच भारतात जाता येईल, असंही नाही. आता तू परदेशी नागरिक. माहेरी जायला तुला व्हिसा हवा. क्रम असा: अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय. रद्द केलेला पासपोर्ट परत मिळतो, तो टाकू नकोस. ओसीआयला वेळ लागतो, म्हणून मधल्या काळात जायचं झालं तर ई-व्हिसा. मुंबई, पुणे, नागपूर, गोवा या विमानतळांवर तो चालतो. निघायच्या निदान चार दिवस आधी अर्ज करायचा. बहुतेकदा तीनेक दिवसांत ईमेल येतं. अर्जात नागरिकत्व जन्माने की नॅचरलायझेशनने, असा प्रश्न असतो. खरं तेच लिहायचं. आणि सरकारी साइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या बाकीच्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेऊन तोच फॉर्म भरून देतात.

मुलांचं विसरू नकोस. भारतात जन्मलेला तुझा मुलगा अठराच्या आतला आहे, त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि तो इथे तुझ्याजवळ, तुझ्या ताब्यात राहतो, तर तू शपथ घेतलीस की तोही आपोआप अमेरिकन नागरिक होतो. २००० सालच्या कायद्याने हे ठरलंय. त्याला ओथ नाही, समारंभ नाही, म्हणून आईबापांच्या लक्षातच येत नाही. सुट्टीत त्याला त्याच भारतीय पासपोर्टवर आजीकडे पाठवायचं ठरतं, तिकीटही निघतं. पाठवू नकोस. त्याचाही अमेरिकन पासपोर्ट आधी काढ. तुझं सर्टिफिकेट, त्याचा जन्मदाखला आणि ग्रीन कार्ड लागेल. सोळाच्या आतला असेल तर दोघा पालकांची संमतीही हवी. मग त्याचाही भारतीय पासपोर्ट जमा करायचा.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे सगळं बोलायला घेतलं. ओथ होऊन पाचच दिवस झालेत, पासपोर्टचा अर्ज टपालात आहे, आणि भावाचा फोन येतो, "आईला आयसीयूत हलवलंय." अशा वेळी काय करायचं? पासपोर्ट एजन्सीची तातडीची अपॉइंटमेंट मिळते. आजारपण किंवा मृत्यू असेल तर दोन आठवड्यांच्या आतल्या प्रवासासाठी वेगळी सोय आहे. पण तिच्यात आई-वडील, मुलं, नवरा, भावंडं, आजी-आजोबा एवढेच येतात. जिने तुला लहानाचं मोठं केलं ती मावशी त्या यादीत नाही, काका-मामाही नाहीत. त्यांच्यासाठी चौदा दिवसांच्या आतल्या साध्या तातडीच्या अपॉइंटमेंटचा दरवाजा आहे, जागा मिळाली तर. भावाला सांगायचं, हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, डॉक्टरांच्या सहीचं पत्र घे आणि लगेच पाठव. मराठीत लिहिलेलं पत्र आलं तर भाषांतर करून घ्यावं लागतं, त्यात दिवस जातो. प्रवासाचं बुकिंगही दाखवावं लागतं. पासपोर्ट हातात आला की भारतीय कॉन्सुलेटकडे तातडीचा व्हिसा, आणि तिथे जुना पासपोर्ट बरोबर न्यायचा. सगळं जुळून आलं तर काही दिवसांत निघता येतं. शुक्रवारी रात्री फोन आला तर सोमवारपर्यंत काही हलत नाही. आपल्याकडे अंत्यविधीला किती वेळ थांबतात, तुला माहीत आहे.

म्हणून माझा सल्ला, आणि हा कुणी देत नाही. आईची, सासऱ्यांची तब्येत नाजूक आहे, डॉक्टरांनी सूचना दिलेली आहे, आणि अशात ओथची नोटीस आली, तर ओथ पुढे ढकल. नोटीस परत पाठवून, लेखी कारण देऊन दुसरी तारीख मागता येते. न कळवता गैरहजर राहायचं नाही; एकदाहून जास्त वेळा तसं झालं तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. कळवून मागितलेली तारीख ही वेगळी गोष्ट. तारीख मिळेपर्यंत तू ग्रीन कार्डवालीच आहेस, भारतीय पासपोर्ट चालू आहे, आजच्या आज विमानात बसू शकतेस. लोक म्हणतील, एवढी वर्षं वाट बघितली आणि आता हातातली तारीख सोडतेस? म्हणू देत. ज्यांचे आईवडील ठणठणीत आहेत त्यांना हे बोलायला सोपं जातं.

दुसरं, नवरा-बायकोने एकाच महिन्यात शपथ घेऊ नये. अर्ज एकदम भरले तरी तारखा मागेपुढे येतात. एकत्र आल्या तर एकाची पुढे मागा. एकाचा अमेरिकन पासपोर्ट आणि भारताचा व्हिसा हातात आल्यावर दुसऱ्याने ग्रीन कार्ड द्यावं. घरातलं कुणीतरी एक कायम निघू शकेल असं हवं. जोडीने फोटो काढायची हौस असते, कबूल, पण फोटो दुसऱ्याच्या समारंभालाही काढता येतो.

या मधल्या आठवड्यांत कुठे जावंसंच वाटलं, तर देशातल्या देशात जा. पोर्टो रिको अमेरिकेचाच भाग आहे. सॅन हुआनला जायला पासपोर्ट लागत नाही, रिअल आयडी पुरतं. हवाई आहेच. एकाच अमेरिकन बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या क्रूझवर सर्टिफिकेट आणि फोटोचं ओळखपत्र अमेरिकेच्या नियमात चालतं. पण सर्टिफिकेट तर पासपोर्टच्या अर्जात गेलेलं असतं, आणि वाटेत एखाद्या बेटावर पाय मुरगळून उतरावं लागलं तर विमानाने घरी येता येत नाही. ती क्रूझ पुढच्या वर्षी कर.

आणि थोडं आजूबाजूला बघ. ओथच्या हॉलमध्ये तुझ्या शेजारच्या खुर्चीत भूतानमधून हाकलला गेलेला, नेपाळच्या छावणीत वाढलेला नेपाळीभाषक मुलगा बसलेला असू शकतो. २००८च्या सुमाराला अमेरिकेने अशा हजारो लोकांना आणायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या अनेकांकडे आयुष्यात कधी पासपोर्ट नव्हता. परदेशी जायचं तर अमेरिकेने निर्वासितांना दिलेलं वर्षभराच्या मुदतीचं प्रवासपत्र, आणि ते कुठला देश मानेल, कुठला नाही याची शाश्वती नाही. त्यांना ही फट निवडता आली नाही, तुला येते. त्याचा फायदा घेतला नाहीस तर तो निव्वळ आळस.

शेवटी एक सांगते. हे नियम बदलतात, फी बदलते, मुदती बदलतात. तिकीट काढायच्या दिवशी अमेरिकेच्या आणि भारताच्या सरकारी साइटवर त्या दिवशीचा नियम स्वतः वाच. काही गुंतागुंतीचं असेल, जुनी एखादी केस, लांबलेला मुक्काम, नावाचा घोळ, तर वकिलाला तासाभराचे पैसे दे; ते तिकिटाच्या किमतीपुढे काहीच नाहीत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी म्हणालं म्हणून निघू नकोस, आणि ताई म्हणाली म्हणूनही नको. शपथेची तारीख लेखी मागून पुढे ढकलता येते. आईचं आजारपण ढकलता येत नाही. कुठली तारीख आधी सांभाळायची, ते यावरूनच ठरव.